नकाशा कोण उघडणार? : कॅडच्या कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यात राहून कॅडचं काम करणारा माणूस नेमकं काय काढतो, इथून या विषयाला सुरुवात केली पाहिजे. तो विमानाचं पातं काढत नाही, मोटारीचं इंजिनही काढत नाही. तो घराचे नकाशे काढतो: तळमजला, एलिव्हेशन, जिना, सेप्टिक टँक. बँकेच्या कर्जासाठी लागणारा नकाशा काढतो. गोंदिया हा राईस मिलचा जिल्हा, त्यामुळे मिलच्या शेडची कैची, धानाचा हॉपर, एलिव्हेटरचं बूट, कोंडा ओढणाऱ्या सायक्लोनचा पत्रा अशी कामं त्याच्याकडे येऊ शकतात. ट्रॅक्टरची ट्रॉली असते, गेट असतं, ग्रिल असते. हे काम छोटं नाही. पत्रा एकदा कापला की तो परत जोडता येत नाही आणि कॉलम एकदा उभा राहिला की हलत नाही. त्यामुळे हे काम ज्या कॉम्प्युटरवर होतं त्याची निवड गांभीर्याने व्हायला हवी.

आयटीआयमधून आरेखक स्थापत्य किंवा आरेखक यांत्रिकी हा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पहिला प्रश्न पडतो तो असा: विंडोज घेऊ की लिनक्स? कुणी सांगतं लिनक्स फुकट आहे, कुणी सांगतं विंडोजशिवाय कॅड नाही. दोघांचं थोडं थोडं खरं आहे. पण प्रश्नाचा क्रमच उलटा लागलेला असल्यामुळे उत्तर हाती येत नाही. माझ्या मते क्रम असा असावा: तुमची फाईल शेवटी कोण उघडणार, हे आधी ठरवा. त्यावरून फाईलचा प्रकार ठरतो, प्रकारावरून सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरवरून ऑपरेटिंग सिस्टीम आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. बाजारात मात्र आधी कॉम्प्युटर घेतला जातो, दुकानदार त्यात जे टाकून देईल ती ऑपरेटिंग सिस्टीम होते आणि मग माणूस वर्षानुवर्षं त्या निवडीच्या मागे फरफटत जातो.

कॅड आणि विंडोज यांची जोडी जन्मापासूनची आहे असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. ऑटोडेस्कने १९८२ साली ऑटोकॅड आणलं ते सीपी/एम आणि डॉसवर. तेव्हा विंडोज बाजारातही नव्हतं. मोठ्या कारखान्यांतली कॅटिया, प्रो-इंजिनिअर ही सॉफ्टवेअरं युनिक्सवर चालत. सन, एचपी, आयबीएम, सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या महागड्या यंत्रांवर. वर्कस्टेशन हा शब्द त्या यंत्रांमुळेच रूढ झाला. ऑटोकॅडच्याही युनिक्सवरच्या आवृत्त्या होत्या. १९९४ची रिलीज १३ ही डॉस आणि युनिक्सवर चालणारी शेवटची. १९९७मध्ये रिलीज १४ आली ती फक्त विंडोजसाठी. त्याआधी, १९९५ साली, सॉलिडवर्क्स आलं. त्रिमितीय कॅड साध्या पीसीवर, विंडोजवर, हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. कॅटियाची पाचवी पिढी १९९८मध्ये आली तीही विंडोजवर चालणारी. चार-पाच वर्षांत सगळा धंदा त्या बाजूला कलला. कारण साधं होतं. पीसी स्वस्त झाले, ग्राफिक्स कार्डं सुधारली आणि ड्राफ्ट्समनच्या टेबलावर पत्रव्यवहाराला एक आणि ड्रॉइंगला एक अशी दोन यंत्रं ठेवायची गरज उरली नाही.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की यातून एक गोष्ट दिसते: ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्या, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल मात्र टिकली. १९८२पासून ती आहे. तिच्या आतली रचना ऑटोडेस्कने कधी खुली केली नाही. इतर कंपन्यांनी ती उकलून वाचण्याचं तंत्र तयार केलं आणि त्यासाठी १९९८मध्ये एक आघाडीही उभी केली, आजची ओपन डिझाइन अलायन्स. डीडब्ल्यूजीच्याच जोडीची डीएक्सएफ फाईल मात्र जगाला वाचता यावी अशीच केलेली आहे. तिची रचना ऑटोडेस्क स्वतः प्रसिद्ध करते. गोंदियाच्या, नागपूरच्या ठेकेदाराकडून तुम्हाला येते ती डीडब्ल्यूजी, आणि लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगवाला मागतो ती डीएक्सएफ. या दोन फायलींच्या भोवती आपला सगळा विषय फिरतो.

महाराष्ट्रात डीडब्ल्यूजीची पकड किती घट्ट आहे हे पाहायचं असेल तर बांधकाम परवानगीकडे पाहा. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने ऑटोडीसीआर नावाची प्रणाली केली आणि पुणे महापालिकेसारख्या ठिकाणी ती वापरात आली. आर्किटेक्टने दिलेलं ड्रॉइंग ही प्रणाली स्वतः वाचते. भूखंडाची हद्द कुठल्या लेयरवर, इमारतीची रेषा कुठल्या लेयरवर, खोलीचं नाव कसं, हे सगळं ठरवून दिलेलं असतं. त्यावरून सामासिक अंतर, चटईक्षेत्र, पार्किंग तपासलं जातं. डिसेंबर २०२०पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यावर अशा तपासणीचं महत्त्व वाढलंच आहे. आता विचार करा. ज्याचं काम शहरातल्या अशा परवानगीसाठी जातं, त्याच्या टेबलावर डीडब्ल्यूजी बिनचूक लिहिणारं सॉफ्टवेअर हवंच. एखादी रेषा दुसऱ्या लेयरवर गेली किंवा बंद आकृती किंचित उघडी राहिली तर ड्रॉइंग परत येतं. अशा माणसाने ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रयोग करू नयेत. त्याने विंडोज घ्यावी आणि कामाला लागावं.

पण विंडोज म्हणजे कुठली? विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची वाढीव दुरुस्ती मिळते, एवढाच दिलासा. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. गावातल्या बहुतेकांना परवडतो तो सेकंडहँड कॉम्प्युटर नेमका याच रेषेवर अडतो. शहरातल्या ऑफिसातून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी स्वस्तात मिळतात, दिसायला चांगले असतात, ड्रॉइंग चालतंही. पण विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही. आडमार्गाने बसवून देणारे भेटतात. धंद्याच्या मशिनवर तो आडमार्ग नको, असं मी ठामपणे सांगेन. एखादं अपडेट आलं आणि मशीन अडलं तर त्या दिवशीचं काम जातं, गिऱ्हाईक जातं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती उघड बोलली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी, गावात, कॅड शिकलेल्या मुलांच्या कॉम्प्युटरवर ऑटोकॅड असतं ते पुष्कळदा क्रॅक केलेलं. विंडोजही तसंच. ‘सगळेच वापरतात’ हे त्याचं समर्थन. स्वामित्वहक्क कायदा १९५७चं कलम ६३ब पाहा: चोरीची प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकतं. नकाशाचे पैसे घेणाऱ्याला तो आधार नाही. शिवाय क्रॅकसोबत काय काय आत येतं ते कुणालाच ठाऊक नसतं. अँटिव्हायरस बंद करा, ही तर क्रॅक टाकण्याची पहिली पायरी. ज्या मशिनवर गिऱ्हाइकाचा सातबारा, आधार, बँकेचे कागद असतात त्याचं दार असं उघडं ठेवणं हे त्या गिऱ्हाइकावर अन्याय करणं आहे.

परवाना घ्यायचा तर ऑटोडेस्कने २०१६पासून कायमचे परवाने विकणं थांबवलं. आता वर्षाचं भाडं. ते गावच्या कमाईला जड आहे. विद्यार्थ्यांना शिकण्यापुरता परवाना मोफत मिळतो, त्याचा फायदा प्रत्येकाने घ्यावा, पण त्यावर पैशाचं काम करता येत नाही. धंद्यासाठी झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड यांच्यासारखी डीडब्ल्यूजीवरच चालणारी स्वस्त सॉफ्टवेअरं आहेत. त्यांचे कमांड ऑटोकॅडसारखेच असल्यामुळे आयटीआयमध्ये बोटांना लागलेली सवय कामी येते. बेल्जियममधून आलेलं ब्रिक्सकॅड विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. लिनक्सवर राहून डीडब्ल्यूजीचं काम चोख करायचं असेल तर आज माझ्या मते तोच सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे.

आता लिनक्सची बाजू, जरा सविस्तर. कारण तिच्याविषयी आपल्याकडे एक तर भीती असते नाहीतर भक्ती.

लिनक्सवर ऑटोकॅड चालत नाही. सॉलिडवर्क्स चालत नाही. फ्यूजन चालत नाही. वाईन नावाच्या सोयीने काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात. जुनी, साधी बऱ्यापैकी चालतात, नवी अडतात. कामाचं मशीन त्या भरवशावर उभं करू नये. ड्राफ्टसाइटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे सॉफ्टवेअर अनेक वर्षं फुकट मिळत होतं, लिनक्सवरही चालत होतं. पुष्कळांनी त्याच्यावर घडी बसवली. २०१९ची आवृत्ती आली आणि फुकटचा काळ संपला. डिसेंबर २०१९नंतर जुन्या फुकट प्रती चालेनाशा झाल्या. लिनक्सची आवृत्तीही पुढे राहिली नाही. कंपनीच्या मर्जीने फुकट मिळणारी वस्तू आणि जिचा सोर्स खुला आहे म्हणून कुणालाही बंद करता येत नाही अशी वस्तू, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निवड करताना हा भेद पैशाच्या भेदाहून मोठा मानावा.

खुल्या सोर्सची दोन सॉफ्टवेअरं आपल्या कामाची. लिब्रेकॅड हे सपाट, द्विमितीय ड्रॉइंगसाठी. हलकं, चार जीबी रॅमच्या जुन्या पीसीवरही पळतं, पण त्याची मुख्य फाईल डीएक्सएफ. डीडब्ल्यूजीशी त्याचं जेमतेम जमतं. दुसरं फ्रीकॅड. याची सुरुवात २००२च्या सुमाराची आणि १.० ही आवृत्ती आली नोव्हेंबर २०२४मध्ये. वीस-बावीस वर्षं त्याला ‘अजून कच्चं’ म्हटलं गेलं आणि ते योग्यही होतं: मॉडेलमध्ये मागे जाऊन एखादं माप बदललं की पुढचे भाग भलत्याच कडेला जाऊन चिकटत. १.०मध्ये या दोषावर मोठा इलाज झाला, आणि सुटे भाग जोडून पाहण्याची सोयही आत आली. त्याला जोडून शीट मेटलची पुरवणी बसवली की वाकवलेल्या पत्र्याचा भाग उलगडून सपाट करता येतो आणि तो डीएक्सएफ करून कटिंगला देता येतो. ट्रॉलीचे फाळके, चॅनेल, ब्रॅकेट यांच्यासाठी हे पुरेसं आहे. चौकोनातून गोलात जाणारा हॉपर मात्र अजूनही डोकं खातो. तिथे आयटीआयमध्ये ड्रॉइंग शीटवर शिकलेली त्रिकोण पाडून उलगडण्याची रीत हाताशी ठेवावी. तीच रेषा कॅडमध्ये काढली की काम होतं. डीडब्ल्यूजी उघडायची असेल तर फ्रीकॅडला ओपन डिझाइन अलायन्सचा मोफत कन्व्हर्टर जोडावा लागतो. गुंतागुंतीच्या ड्रॉइंगमधले ब्लॉक, हॅच कधी कधी विस्कटतात.

लोखंडी शेडचं काम करणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातून आलेली एक मोलाची गोष्ट इथे सांगतो. मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या मदतीने चालणारा फॉसी हा प्रकल्प आहे. शिक्षणात खुल्या सॉफ्टवेअरचा वापर वाढावा हे त्याचं काम. तिथे ओस्डाग नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. लोखंडी सांगाड्यातले जोड, बोल्टचे आणि वेल्डिंगचे, आयएस ८०० : २००७ या भारतीय प्रमाणानुसार ते तपासतं, हिशेबाचा अहवाल देतं आणि जोडाचं त्रिमितीय चित्रही काढून देतं. ते विंडोजवर चालतं आणि लिनक्सवरही. फुकट आहे, सोर्स खुला आहे. मिलच्या शेडसाठी अजूनही ‘नेहमीचे दोन बोल्ट टाका’ असा व्यवहार चालतो. तिथे हे साधन घराघरांत पोचलं पाहिजे. अर्थात अंतिम सही अभियंत्याची, हे विसरू नये. आयआयटीच्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

लिनक्सच्या शेकडो वाटांपैकी कुठली? उबुंटूची एलटीएस आवृत्ती किंवा डेबियन. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं तिला आधार मिळतो. सीडॅकने केलेली बॉस ही देशी प्रणालीही डेबियनवरच उभी आहे आणि भारतीय भाषांची सोय तिच्यात चांगली आहे. पण कॅडची सॉफ्टवेअरं, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर उबुंटूवर जास्त तपासलेले असतात, म्हणून कॅडसाठी माझं मत उबुंटूकडे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर टाकून घ्यावा, नाहीतर त्रिमितीय मॉडेल फिरवताना चित्र अडखळतं आणि दोष उगाच फ्रीकॅडच्या माथी जातो.

मराठी अक्षरांचा मुद्दा कॅडच्या पुस्तकांत कुठेच येत नाही, आपल्याला मात्र तो रोज भेटतो. नकाशावर ‘स्वयंपाकघर’, ‘देवघर’, ‘प्रस्तावित क्षेत्रफळ’, जमीनमालकाचं नाव, गट क्रमांक हे मराठीत लिहावं लागतं. विदर्भात अजून कृतिदेवचा वापर खूप आहे. कृतिदेवमध्ये लिहिलेलं नाव दुसऱ्या मशिनवर तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा चिखल होऊन दिसतं. युनिकोड वापरलं तरी सगळं सुटत नाही. विंडोजवरचा मंगल किंवा निर्मला फाँट लिनक्सवर नसतो. तिथे दुसरा फाँट बसतो, शब्दाची लांबी बदलते आणि खोलीचं नाव भिंतीवर चढतं. ऑटोकॅडचे जुने एसएचएक्स फाँट रेषांनी बनलेले, त्यांत देवनागरी नाही. लिब्रेकॅडचे अक्षरसाचेही त्याचे स्वतःचे, निराळ्या प्रकारचे. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात ‘क्षेत्रफळ’, ‘प्रस्तावित’, ‘दुर्गा’ हे तीन शब्द लिहून पाहा, छापून पाहा. जोडाक्षर सुटलं, रफार भलतीकडे गेला तर ते सॉफ्टवेअर मराठी नकाशाला उपयोगाचं नाही. फार तर अक्षरं वेगळी टाकावी लागतील. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फाँट दोन्हीकडे बसतात. एकच फाँट सगळ्या मशिनवर ठेवा आणि गिऱ्हाइकाला, झेरॉक्स-प्लॉटरवाल्याला नेहमी पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो, मग समोर विंडोज असो की काहीही.

फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या मशिनला या सगळ्याहून वेगळा न्याय लावावा लागतो. जुन्या सीएनसी राउटर-प्लाझ्माला जोडलेला पीसी बहुधा माक३ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो आणि पॅरलल पोर्टमधून यंत्राला इशारे देतो. त्या पोर्टसाठीचा माक३चा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. असा पीसी कुणी ‘अपडेट करून देतो’ म्हणालं तर हात लावू देऊ नका. त्याला इंटरनेट जोडू नका, पेनड्राइव्ह तपासून लावा, हार्डडिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा आणि चालतंय तोवर चालू द्या. बदलायचंच झालं तर लिनक्ससीएनसी आहे. अमेरिकेच्या सरकारी प्रमाण-संस्थेत, एनआयएसटीत, सुरू झालेलं आणि लोकांना खुलं केलेलं हे काम. यंत्राला वेळेवर इशारे देण्याच्या बाबतीत लिनक्स साध्या विंडोजपेक्षा उजवी ठरते ती इथे.

मॅकबद्दल थोडक्यात: ऑटोकॅडची मॅकवरची आवृत्ती आहे, फ्यूजन आहे, फ्रीकॅड आहे, सॉलिडवर्क्स नाही, आणि अ‍ॅपलने स्वतःच्या चिप वापरायला सुरुवात केल्यापासून मॅकवर थेट विंडोज टाकण्याचा रस्ताही बंद झाला. आपल्या भागात दुरुस्तीला माणूस मिळत नाही. विषय संपला. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑनशेपला कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, शिकण्यासाठी ते उत्तम आहे. पण फुकटच्या खात्यातली ड्रॉइंग्ज सगळ्या जगाला दिसतात आणि नेट गेलं की काम थांबतं.

विजेच्या लाईनचा विचारही ऑपरेटिंग सिस्टीमइतकाच करावा. पावसाळ्यात लाईन जाते, व्होल्टेज खालीवर होतं. यूपीएसशिवाय कॅडचं मशीन लावू नका आणि ऑटोसेव्ह दहा मिनिटांवर ठेवा. पैसे कमी असतील तर ते प्रोसेसरच्या जास्त कोअरवर घालू नका. मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, तिथे वेगवान कोअर हवा. एसएसडी हवी, रॅम सोळा जीबी. विदर्भाचा उन्हाळा आणि मिलजवळचा कोंडा हे पंख्याचे वैरी आहेत. केबिनेट महिन्याला उघडून साफ करा.

आता माझा कौल. घराच्या नकाशांचं आणि शहरातल्या आर्किटेक्टसाठीचं काम असेल तर विंडोज ११, परवान्याची, आणि सोबत परवडणारं डीडब्ल्यूजी सॉफ्टवेअर. पत्रा, ट्रॉली, शेड असं स्वतःचं किंवा स्थानिक फॅब्रिकेटरचं काम असेल, जिथे शेवटी पीडीएफ आणि डीएक्सएफच द्यायची आहे, तिथे उबुंटू, फ्रीकॅड आणि ओस्डाग पुरे आहेत. त्यासाठी विंडोजचा खर्च करण्याचं कारण नाही. शिकत असलेल्या मुलाच्या हाती विंडोज ११ न घेणारा जुना पीसी असेल तर तो भंगारात घालू नये, त्यावर लिनक्स टाकावी. एकाच मशिनवर दोन्ही ठेवायचं तर दोन वेगळ्या एसएसडीवर ठेवा. आणि कुठलीही निवड केली तरी प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाची डीएक्सएफ आणि पीडीएफ, त्रिमितीय असेल तर स्टेप फाईलही, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. स्टेप हे आयएसओ १०३०३ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते कुठल्याही एका कंपनीचं नाही.

वाचकांना एक विनंती आहे. पैसे मोजण्याआधी तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या तीन-चार खऱ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करा. कॉम्प्युटरवर काहीही न बसवता ती त्यावरून चालवून पाहता येते. त्या फायली तिथे उघडा, एक बदल करा, मराठीत नाव लिहा, परत पाठवा आणि समोरच्याला विचारा की नीट उघडली का. त्याच्या उत्तरावरून ठरवा.